कल्हईचं, मठारलेलं तांब्याचं पातेलं (तांबट आळी, कसबा पेठ, पुणे): पाचपैकी चार स्टार, आणि कापलेला एकही त्याच इलेक्ट्रॉनमुळे

आधी निकाल सांगते म्हणजे घाईतली मंडळी सुटतील. पातेलं घ्या. साधारण तीन लिटरचं, जाड पत्र्याचं, आतून कल्हई (कथलाचा पातळ थर), बाहेरून मठार (हातोडीच्या ठोक्यांचे खळगे), बाजूला दोन पितळी कड्या. घरात गॅस नाही आणि नुसतं इंडक्शनच आहे अशांनी मात्र घेऊ नका, शोकेसमध्ये जाऊन बसेल. बाकीच्यांनी पुढे वाचा, जरा लांबणार आहे, कारण मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते आणि या भांड्याबद्दल जे जे चांगलं किंवा वाईट लिहायला घेतलं ते शेवटी एकाच जागी जाऊन पोचलं, तांब्याच्या अणूतला सगळ्यात बाहेरचा तो एकटा इलेक्ट्रॉन.

दुकानाचं नाव टाकत नाहीये. आळीत अशी भांडी करणारी बरीच दुकानं आहेत, एकमेकांचे नातेवाईकच असतात बहुतेक, आणि मी जे लिहितेय ते थोड्याफार फरकाने सगळ्यांना लागू पडेल. गाडी नेऊ नका, लावायला जागा मिळत नाही, मेट्रोने कसबा पेठ स्टेशनला उतरा आणि चालत जा, जवळ आलात की ठोक्यांचा आवाजच रस्ता सांगतो. भाव किलोवर असतो, भांडं तुमच्यासमोर काट्यावर ठेवतात, घडणावळ वेगळी. पक्कं बिल मागावं लागतं, आपणहून देत नाहीत, पण मागितल्यावर कुरकुर नाही केली.

आता मठार. बाहेरून जे छोटे छोटे चकचकीत खळगे दिसतात ते. मॉलमध्ये हल्ली मशीनने दाबून तसे खळगे पाडलेली भांडी मिळतात, तिथे ती नुसती नक्षी असते. इथे ती शेवटची घडाई आहे आणि त्याने भांडं खरंच कडक होतं. (आकार मशीनवर दिलाय आणि मठार तेवढा हाताने, असंही हल्ली बरंच असतं. विचारून घ्या, मी विचारलं तर भांडं घडवणाऱ्या काकांनी सरळ सांगितलं की बाई, मोठं भांडं आता सगळं हाताने करायला परवडत नाही.) मी बराच वेळ तिथे स्टुलावर बसून बघत होते, काकांची ना नव्हती. लोखंडी दांडीवर भांडं अडकवायचं, डाव्या हाताने किंचित किंचित फिरवत राहायचं आणि उजव्या हाताने ठोके, एकाला एक लागून, ओळ चुकत नाही, आणि हे करताना माणूस शेजारच्याशी क्रिकेटवर बोलतोय.

ठोकल्यावर पत्रा फुटत का नाही हा प्रश्न मी दरवर्षी वर्गात विचारते आणि दरवर्षी उत्तर येतं, मॅडम वर्धनीयता (म्हणजे ठोकून पसरण्याचा गुण). अरे हो, पण वर्धनीयता का? खड्याच्या मिठावर हातोडी मारा, भुगा होतो. कारण मिठात सोडियमने आपला इलेक्ट्रॉन क्लोरीनला कायमचा देऊन टाकलेला असतो, त्यामुळे एक प्लस एक मायनस अशी ठरलेली रांग असते, ठोका बसून थर एक घर सरकला की प्लससमोर प्लस येतो, दोघं एकमेकांना ढकलतात आणि खडा तडकतो. तांब्यात तसं कुणी कुणाला काही दिलेलं नसतं. तांब्याच्या अणूत २९ इलेक्ट्रॉन, त्यातले २८ आतल्या कक्षांमध्ये भरलेले आणि बाहेर चौथ्या कक्षेत एकच. अणू एकत्र येऊन धातू झाला की तो बाहेरचा इलेक्ट्रॉन कुठल्याच एका अणूचा राहात नाही, गावच्या गायरानासारखा सगळ्यांचा होतो, सातबारा कुणाच्याच नावावर नाही. एका घन सेंटीमीटर तांब्यात असे मोकळे इलेक्ट्रॉन किती, तर ८५ वर २१ शून्यं. अणूंचे थर सरकले तरी सगळ्यांना धरून ठेवणारा हा मामला तिथेच असतो, शेजारी कोण बदललाय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून पत्रा सरकतो, पसरतो, वाकतो, पण बंध तुटत नाही.

पण मग ठोकून कडक का होतो? गंमत अशी की अख्खा थर एकदम सरकतच नाही. रचनेत कुठेतरी एखादी अर्धवट ओळ असते, तीच ओळ पुढे पुढे सरकत जाते आणि तिच्यामुळे थर हलतो. टेलर, ओरोवान आणि पोलान्यी अशा तिघांनी १९३४ साली वेगवेगळे बसून हेच मांडलं. ठोके पडत गेले की अशा ओळी वाढतात, एकमेकींत अडकतात, आणि पत्रा ऐकेनासा होतो. तेव्हा काका भांडं भट्टीत लाल करतात आणि चक्क पाण्यात बुडवतात. पाण्यात बुडवल्यावर पोलाद कडक होतं हे सगळ्यांना माहितीये, तांब्याचं उलट, ते लाल तापवलं की मऊ होतं आणि पाण्यात टाकलं तरी मऊच राहातं. सगळ्यात शेवटचा मठार मात्र थंड भांड्यावर मारतात आणि त्यानंतर लाल करत नाहीत, म्हणजे ते कमावलेलं कडकपण तसंच राहातं. माझ्याकडचं मशीनचं गुळगुळीत तांब्याचं भांडं ओट्यावरून पडलं आणि पोचा आला, हे पातेलं दोनदा सिंकमध्ये आपटलंय, काही झालं नाही. अर्थात याचा पत्राही जाड आहे, सगळं श्रेय मठाराला नको.

खरं तांबं आहे का हे कसं बघायचं हे मला खूप जणींनी विचारलं. बाहेरून तांब्याचा पातळ मुलामा आणि आत स्टील असा माल बाजारात भरपूर आहे. नुसतं मॅग्नेट चिकटतं का बघून पूर्ण खात्री होत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे हे नक्की, पण नाही चिकटलं तरी आत साधं ३०४ ग्रेडचं स्टील असू शकतं, त्यालाही मॅग्नेट फारसं चिकटत नाही. तर असं करा: निओडिमियमचं छोटं जोरदार मॅग्नेट खिशात ठेवा, भांड्याचं सपाट बूड किंवा एखादी जाड परात तिरकी धरा आणि मॅग्नेट वरून सोडा. स्टीलवरून ते सुळकन खाली जातं. जाड तांब्यावरून असं जातं की कुणीतरी मागून धरून ठेवलंय. चिकटत नाही पण पळतही नाही. सरकत्या मॅग्नेटमुळे खालचे मोकळे इलेक्ट्रॉन गोल गोल फिरायला लागतात आणि त्यांच्या करंटचं चुंबकत्व त्या मॅग्नेटलाच अडवतं, लेन्झचा नियम, १८३४. इलेक्ट्रॉन जितके सहज वाहतील तितका ब्रेक जास्त. पितळेवर कमी लागतो, अॅल्युमिनियमवर बऱ्यापैकी लागतो (पण ते रंगावरून आणि वजनावरून कळतंच), आणि पत्रा पातळ असेल तर फरक कमी जाणवतो. मी हे दुकानात करून दाखवलं तर काकांचा मुलगा म्हणाला ताई हे मॅग्नेट इथेच ठेवून जा. ठेवून आले.

स्वयंपाकाचं. हेच तर मुख्य. मी यात बासुंदी केली, कटाची आमटी केली, साधी डाळ तर रोजच. बासुंदीला स्टीलच्या पातेल्यात बर्नरच्या आकाराची गोल करपट रिंग उठायची, ढवळत उभं राहिलं तरी. यात ती रिंग नाही. म्हणजे ढवळावं लागतंच, कुणी असं समजू नका की ठेवून टीव्ही बघत बसाल, पण आच एका जागी साचत नाही, बूड आणि बाजू सारख्या तापतात आणि गॅस बारीक केला की उकळी पटकन खाली बसते. आकड्यात सांगायचं तर तांब्याची उष्णता वाहून न्यायची क्षमता साधारण ४०० वॅट प्रति मीटर केल्व्हिन, आणि आपल्या रोजच्या स्टेनलेस स्टीलची १५-१६. पंचवीसपट! म्हणून चांगल्या स्टीलच्या भांड्यांना कंपन्या बुडाशी तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा थर देतात.

ही उष्णता नेतं कोण, तर परत तेच. धातूमध्ये वीज नेणारे आणि उष्णता नेणारे हमाल बहुतांशी एकच असतात, मोकळे इलेक्ट्रॉन. वीडेमान आणि फ्रान्झ या दोन जर्मनांना १८५३ मध्येच दिसलं होतं की जो धातू विजेला चांगला तोच उष्णतेला चांगला आणि दोन्हींचं गुणोत्तर धातू बदलला तरी जवळपास तेच येतं. तेव्हा इलेक्ट्रॉन सापडलाही नव्हता, तो थॉमसनने १८९७ ला दाखवला. मग १९०० मध्ये पॉल ड्रूडने धातूत इलेक्ट्रॉन वायूसारखे फिरतात असं धरून गणित केलं आणि ते गुणोत्तर बऱ्यापैकी जुळलं. खरं म्हणजे त्याच्या गणितात दोन मोठ्या चुका होत्या, इलेक्ट्रॉनचा वेग फार कमी धरला आणि प्रत्येकजण उष्णता साठवतो ती फार जास्त धरली, आणि दोन्ही चुकांनी एकमेकींना खाऊन टाकलं. नंतर १९२८ च्या सुमारास सॉमरफेल्डने क्वांटम वापरून ते नीट केलं. बोर्डाच्या पेपरात असं झालं तर उत्तराला मार्क मिळतात, स्टेप्सना नाही.

इथे वर्गातला अजून एक हमखास प्रश्न. मॅडम, अॅल्युमिनियमला बाहेर तीन इलेक्ट्रॉन, तांब्याला एक, मग अॅल्युमिनियम जास्त चांगलं पाहिजे ना? नाही, कारण नुसती संख्या कामाची नाही, वाटेत ते किती वेळा अडखळतात हेही बघावं लागतं, आणि तांब्यात ते कमी अडखळतात. अॅल्युमिनियम उष्णतेला २३७ च्या आसपास. वाईट अजिबात नाही! शिवाय घनता २.७, तांब्याची ८.९६, म्हणजे वजनाच्या हिशोबात विजेला अॅल्युमिनियमच भारी पडतं आणि म्हणून टॉवरवरच्या तारा त्याच्या असतात. बजेट कमी असेल तर जाड अॅल्युमिनियमची कढई घ्या, मी हसणार नाही. फक्त त्यात चिंचगूळ घातलेलं काही रात्रभर ठेवू नका.

पितळेचं घेऊ का, हे बहिणीने विचारलं. दुकानात पितळी पातेलीही असतात आणि स्वस्त पडतात. पितळ म्हणजे तांब्यात जस्त, आणि जस्ताचे अणू मध्ये मध्ये बसले की इलेक्ट्रॉनची वाट खडबडीत होते, क्षमता ४०० वरून ११०-१२० वर येते. स्टीलपेक्षा तरीही कितीतरी वर. म्हणून पुरणाला, लाडवाच्या बेसनाला पितळ मस्त चालतं, आजीची लोकं काही वेडी नव्हती. जस्त किती घालायचं यालाही मर्यादा आहे आणि ती इलेक्ट्रॉनच ठरवतात हे मला फार आवडतं. तांब्याचा अणू गायरानात एक टाकतो, जस्ताचा दोन. जस्त वाढवत नेलं की दर अणूमागे सरासरी इलेक्ट्रॉन वाढत जातात, आणि ती सरासरी साधारण १.४ कडे पोचली (जस्त ३५-४० टक्क्यांच्या घरात) की जुनी रचना तग धरत नाही, वेगळी रचना तयार व्हायला लागते, जी थंड ठोकायला कठीण असते. हे शोधलं ऑक्सफर्डच्या विल्यम ह्यूम-रॉदरीने १९२६ च्या सुमारास. हा माणूस तरुणपणीच मेनिंजायटिसने ठार बहिरा झालेला. दिवसभर ठोक्यांनी दणाणणाऱ्या या आळीत त्याच्याइतका निवांत दुसरा कुणी बसला नसता.

चकाकीवर फार लिहीत नाही. मोकळे इलेक्ट्रॉन पडणारा उजेड परत फेकतात म्हणून धातू चमकतो. चांदी जवळजवळ सगळेच रंग परत फेकते, तांबं निळा-हिरवा भाग गिळतं, कारण तेवढ्या ऊर्जेत त्याचे आतल्या भरलेल्या कक्षेतले इलेक्ट्रॉन वर उडी मारू शकतात, मग उरतो तो लालसर उजेड आपल्याकडे येतो. आणि ही लाली टिकत नाही हे खरंय. वापरलं की काळपट होतं, कारण वरच्या थरातले इलेक्ट्रॉन हवेतला ऑक्सिजन घेऊन जातो, तिथे मोकळं काही उरत नाही, मग चमकणार कोण. चिंच-मीठ लावा, पितांबरी लावा, आंबट तो काळा थर विरघळवतं आणि खालचं ताजं तांबं दिसतं. दर वेळी किंचित तांबं जातं. मी रोज घासत नाही. बाहेरून काळं असलं तरी डाळ तीच शिजते, फक्त पाहुणे यायचे असले की घासते.

कल्हई. इथे लक्ष द्या कारण बऱ्याच जणांची भांडी इथेच बिघडतात. तांब्याला आंबट चालत नाही, उघड्या तांब्यात ताक, कढी, सोलकढी ठेवली की कळकते, तांब्याचा अणू आपले इलेक्ट्रॉन सोडून आयन होऊन पदार्थात उतरतो आणि तो जास्त झाला की मळमळ, उलट्या. म्हणून आतून कथलाचा पातळ थर. भांडं तापवतात, नवसागर भुरभुरतात, भसकन पांढरा धूर येतो आणि वरचा ऑक्साइड साफ होतो, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने झर्रकन फिरवतात आणि आतून चांदीसारखं. बघण्यासारखा प्रकार आहे, पण धुराच्या समोर उभं राहू नका.

कथील २३२ अंशाला वितळतं. तांबं १०८५ ला. एकाच भांड्यात हे दोघं, त्यामुळे रिकामं पातेलं मोठ्या गॅसवर ठेवून विसरलात की कल्हई ओघळून तिचे थेंब होतात. फोडणी चालते, आधी तेल घाला मग गॅस लावा. रवा भाजणं, शेंगदाणे भाजणं यात नको, त्याला लोखंडी कढई आहे. ढवळायला लाकडी डाव किंवा उलथनं. तारेची घासणी आतून बिलकुल नाही. आत लालसर डाग दिसायला लागले की कल्हई उडाली, लगेच द्या. आळीतच करून देतात, आणि देताना एवढं सांगा की फार लाल तापवू नका, जास्त तापलं तर मठाराने आलेला कडकपणा कमी होतो. काका म्हणाले ते आम्हाला कळतं. बरोबर आहे, त्यांना कळतं, पण दारावर येणाऱ्या सगळ्यांनाच कळेल असं नाही.

आता तो कापलेला स्टार. कड्या तापतात. प्रचंड तापतात. जे इलेक्ट्रॉन उष्णता बुडाभर पसरवतात ते कडीपाशी येऊन थांबत नाहीत ना, रिव्हेटमधून कडीत जातातच, आणि पितळी कडी म्हणजे काही अडसर नाही. सांडशी किंवा जाड फडकं हातात असल्याशिवाय उचलू नका. लोखंडी किंवा स्टीलच्या कड्या मागितल्या तर लावून देतात असं नंतर कळलं, स्टील उष्णता कमी नेतं म्हणून उशिरा तापतात, मी परत घेतलं तर तेच सांगणार. वजन पण आहे, भरलेलं पातेलं सासूबाईंना उचलवत नाही.

इंडक्शनवर चालत नाही हे वर सांगितलंच. शेगडी बुडात करंट निर्माण करते आणि त्या करंटला विरोध झाला की उष्णता तयार होते. तांब्यात विरोधच इतका कमी की करंट मजेत फिरतो आणि भांडं धड तापत नाही, बरेचदा शेगडी भांडं आहे हे मानतच नाही आणि एरर दाखवते. शिवाय लोखंडासारखं चुंबकत्व नाही, कारण तांब्याची आतली कक्षा दहाच्या दहा इलेक्ट्रॉननी भरलेली, सगळे जोडीजोडीने. लोखंडात काही सुटे असतात, म्हणून ते शेगडीवर लगेच तापतं. खाली ठेवायची लोखंडी चकती मिळते, पण मग तांब्याचा फायदा काय राहिला.

एक सावध करते. असली भांडी विकणाऱ्या काही दुकानांत (हे नाही) तांब्याच्या बाटल्यांवर कार्ड लावलेलं असतं, पाणी चार्ज होतं, इलेक्ट्रॉन मिळतात वगैरे. काही चार्ज होत नाही. रात्रभर ठेवलेल्या पाण्यात तांब्याचे थोडे आयन उतरतात, त्याने काही जंतू मरतात हे खरं, पण पाण्यात तांबं लिटरला २ मिलीग्रॅमच्या वर नसावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि लिंबूपाणी तर त्यात भरायचंच नाही. बाटलीला आतून कल्हई नसते हे विसरू नका.

जायचं असेल तर दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस टाळा, तेव्हा कुणाला बोलायला वेळ नसतो. मापाचं करून हवं असेल तर झाकण सोबत घेऊन जा, माझं झाकण दुसऱ्या भांड्याचं निघालं आणि एका बाजूने वाफ सुटते, ते बदलून देतो म्हणालेत पण अजून जाणं झालं नाही.